मंगळवारी जन्मलेला

माझा भाऊ तांडेल, मी त्याची हिशेबनीस.
डिझेल, बर्फ, कोळंबीचा भाव, खलाशांचे कागद,
सगळं फ्रेझरबर्गच्या धक्क्यावरच्या या एका खोलीत.
खिडकी पुसली की बोट दिसते,
नाही पुसली तरी वास येतोच.

एबो क्वान्साहच्या कागदावर शिक्का आहे: मार्गस्थ.
म्हणजे हा इसम इथे आलेला नाही,
इथून जातो आहे.
अकरा महिने झाले, जातोच आहे.
बारा सागरी मैलांच्या पलीकडे
त्याने हवं तितकं राबावं.
अलीकडे त्याचे हात धरले जात नाहीत.
त्या हातांनी ओढलेली मासळी मात्र उतरते,
तोलली जाते, तिला भाव येतो,
रात्रीच्या ट्रकने ती माद्रिदला जाते.

फेब्रुवारीत त्याची दाढ सुजली.
दाताचा डॉक्टर टेकाडावर, बँकेच्या मागे.
चालत चार मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.
एजंटला फोन केला. तो म्हणाला,
तसं पाहिलं तर तो माणूस बंदरात आहे, देशात नाही.
मी विचारलं, आणि दाढ?
फोनवर बराच वेळ नुसता वारा होता.

गालात लवंग धरून एबोने दोन फेऱ्या केल्या.
दुसऱ्या रात्री मी सूप घेऊन बोटीवर गेले,
तर म्हणाला, आमच्या एल्मिनात
मंगळवारी कुणी होडी लोटत नाही.
तो समुद्राचा दिवस.
जाळी शिवायची, भांडणं मिटवायची,
पाण्याला एकटं सोडायचं.
'एबो म्हणजे मंगळवारी जन्मलेला,'
अर्धे शब्द सुजेत अडकत होते.
'इथे एक्केचाळीस मंगळवार मी पाण्यावर काढले.'
मी खोलीत येऊन वही काढली.
बेचाळीस निघाले.
त्याला सांगितलं नाही.

आता दुसरा परवाना मिळू शकतो म्हणतात, कुशल कामगाराचा.
मग जमिनीवर पाय ठेवता येईल, खोली घेता येईल,
आजारी पडता येईल.
फक्त इंग्रजीची परीक्षा द्यायची.
शनिवारी गॅलीत बसून मी त्याची तयारी घेते.
तुमच्या आवडत्या सुट्टीविषयी दोन मिनिटं बोला.
एबो गप्प.
गाठ बघून तो सांगतो कुणी मारली,
ताणलेल्या दोराला हात लावून सांगतो
तळाशी चिखल आहे की खडक,
आमच्या बोलीतल्या शिव्या तर अशा देतो
की माझे आजोबा उठून बसावेत.
पण सुट्टी?
दारातून भाऊ म्हणाला, मला विचारलं तर मीही नापास.
तिघंही हसलो.
भाऊ सगळ्यात आधी थांबला.

काल वादळाने बोटी बांधलेल्या. मंगळवार होता.
मी खुंटीवरचा नवऱ्याचा जुना कोट काढला
आणि एबोला म्हटलं, चल.
विचार करायला वेळ दिला नाही, त्याला किंवा मला.
चार मिनिटांच्या वाटेला अकरा लागली.
न हलणाऱ्या रस्त्यावर त्याचे पाय
अजून लाटेची वाट बघत पडत होते.
एका कुंपणापाशी थांबून त्याने
कुणाच्या तरी कोबीला हात लावून पाहिला.

डॉक्टरने विचारलं, दाढ बरोबर नेणार?
एबो थोडा वेळ त्या ताटलीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, नको,
ती राहू दे इथेच.

उतारावर त्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता.
बँक मागे पडली तसा तो अचानक बोलू लागला,
तुटक, परीक्षेच्या इंग्रजीत:
माझी आवडती सुट्टी. मंगळवार होता. मी टेकडीवर गेलो.
बरोबर एक बाई होती, तिला चालायची घाई.
कोबी होता. खूप मोठा कोबी.
मी मनगट वर केलं, काटा बघत राहिले.
एक मिनिट चाळीस सेकंद.
मग धक्का आला.